विंडोज १० की ११? आधी सांग, खेळतोस काय

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले आणि तेव्हापासून माझ्याकडे येणारा प्रश्न एकच आहे: "ताई, कुठलं विंडोज टाकू? कुठलं फास्ट?" मी ऐरोलीत एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे, राहते कोपरखैरण्यात. सुटीच्या दिवशी आमच्या सेक्टरातल्या, घणसोलीच्या, ठाण्याला भावाकडे गेले की नौपाड्यातल्या मुलामुलींचे गेमिंग पीसी बघायला बसते. पुढे लिहिलंय ते त्या टेबलांवर बसून पक्कं झालेलं आहे.

"कुठलं फास्ट" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. एकाच चांगल्या मशीनवर विंडोज १० आणि ११ दोन्ही नीट बसवली, ड्रायव्हर ताजे ठेवले, तर बहुतेक खेळांत फरक डोळ्यांना कळत नाही. व्हिडिओत दोन पडदे शेजारी लावून एफपीएसचे (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचे) आकडे दाखवतात, पण ते दुसऱ्याच्या मशीनचे असतात. तुमच्या घरात निर्णय तीन गोष्टींवर ठरतो, आणि याच क्रमाने: खेळ कुठले, प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं. मग बघायचं, त्याच मशीनवर घरातलं आणखी कोण काय करतं.

हा क्रम उलटा झाला की पैसे जातात. विंडोज ११ "चालत नाही" असा निरोप घेऊन मुलगा दुकानात जातो, तिथे मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलायला सांगतात, आणि आईवडील कपाळाला हात लावतात. अशी कितीतरी मशीन मी बायोसमधली (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमधली) दोन सेटिंग बदलून चालू केली आहेत. म्हणून माझं सांगणं आहे, पाकिटात हात घालण्याआधी बायोस उघडा.

खेळांची यादी करा

कागदावर लिहा, तुम्ही आज काय खेळता आणि पुढच्या वर्षभरात काय खेळणार आहात. मग त्या यादीतले ऑनलाइन स्पर्धात्मक खेळ वेगळे काढा. खरा निकाल तेच लावतात, कारण त्यांच्यासोबत चीटिंग पकडणारा प्रोग्राम येतो आणि तो विंडोजच्या पार पोटात बसतो.

व्हॅलोरंटचं उदाहरण घ्या, इथली निम्मी मुलं तेच खेळतात. त्याचा असा प्रोग्राम, व्हॅनगार्ड, विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी मशीनमधली सोय) आणि सिक्युअर बूट (मशीन चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चढू देणारं सेटिंग) दोन्ही चालू मागतो. बंद असतील तर व्हॅन ९००१ किंवा व्हॅन ९००३ असा एरर येतो आणि खेळ उघडतच नाही. विंडोज १० वर ही अट सरसकट नव्हती, त्यामुळे "व्हॅलोरंटसाठी १० च बरं" असा समज मुलांमध्ये पसरला. त्या समजावर आता विसंबू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला बॅटलफील्ड ६ सिक्युअर बूट मागतो, मग विंडोज १० असो की ११. नोव्हेंबर २०२५ मधला कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स ७ टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतो. म्हणजे हे स्विच तुम्हाला चालू करावेच लागणार आहेत. आणि ते चालू झाले, प्रोसेसरही यादीत असला, तर विंडोज ११ ची दारं आपोआप उघडतात.

काउंटर-स्ट्राइक २ किंवा डोटा २ खेळणाऱ्याला इतकी बंधनं नाहीत. एकट्याने खेळायचे मोठे कथेचे खेळ दोन्ही विंडोजवर चालतात. डायरेक्टएक्स १२ अल्टिमेट विंडोज १० लाही मिळालेलं आहे, त्यामुळे "नवे ग्राफिक्स फक्त ११ वर" हे खरं नाही. ११ कडे खास म्हणून ऑटो एचडीआर (खेळाचे रंग आणि उजेड आपोआप उठावदार करणारी सोय) आहे, तेही चांगला एचडीआर मॉनिटर असला तरच उपयोगाचं. डायरेक्टस्टोरेज (डिस्कवरून खेळ लवकर लोड करायची सोय) दोन्हीकडे चालतं, ११ मध्ये त्याची मांडणी जास्त सुधारलेली आहे.

विंडोज ७ अजून कुणी जपून ठेवलं असेल तर ते जुन्या सीडीवरच्या खेळांसाठी, इंटरनेट काढून ठेवा. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने ७, ८ आणि ८.१ चा पाठिंबा थांबवला आहे. त्यावर आणखी बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

मशीनची ओळख पटवा

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. जी छोटी चौकट येते तिच्यात 'विनव्हर' (winver) टाइप करा, म्हणजे सध्या कुठलं विंडोज आणि त्यातली कुठली आवृत्ती आहे ते कळतं. त्याच चौकटीत 'एमएसइन्फो३२' (msinfo32) टाका. तिथे तीन ओळी शोधा: प्रोसेसर, बायोस मोड आणि सिक्युअर बूट स्टेट. बायोस मोडपुढे 'यूईएफआय', म्हणजे चालू होण्याची नवी पद्धत, असेल तर अर्धं काम झालं. 'लेगसी', म्हणजे जुनी पद्धत, असेल तर थोडी मेहनत आहे, ती पुढे सांगते. मग 'टीपीएम डॉट एमएससी' (tpm.msc) टाका. तिथे आवृत्ती २.० दिसली तर उत्तम. "टीपीएम सापडत नाही" असं आलं तरी घाबरू नका, बहुतेक वेळा ते बोर्डावर असतं, फक्त बंद ठेवलेलं असतं.

आता प्रोसेसर. ढोबळ नियम असा: इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे, एएमडीचे रायझन २००० मालिका आणि पुढचे बहुतेक, विंडोज ११ च्या यादीत आहेत. आय३-८१०० चालतो, आय५-७४०० चालत नाही. रायझन ५ २६०० चालतो, रायझन ५ १६०० चालत नाही. वेगाशी याचा संबंध नाही. जुना आय७-७७०० अनेक कामांत आय३-८१०० ला मागे टाकतो, तरी तो यादीबाहेर आहे. पोरांना हे अन्यायाचं वाटतं आणि मला त्यांचं म्हणणं पटतं, पण यादी आपल्या हातात नाही.

बाराव्या पिढीपासूनचा इंटेल डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर वाद घालू नका, थेट ११ घ्या. यातल्या अनेक प्रोसेसरांत दोन प्रकारचे कोअर असतात, दमदार पी-कोअर आणि वीज वाचवणारे ई-कोअर. कुठलं काम कुठल्या कोअरवर टाकायचं याची सूचना प्रोसेसरमधला थ्रेड डायरेक्टर देतो, आणि ती नीट ऐकायची सोय विंडोज ११ मध्ये आहे. १० वर काही खेळ उगाच ई-कोअरवर जाऊन अडखळतात. सरासरी एफपीएस ठीक दिसतो, पण ऐन गोळीबारात पडदा क्षणभर थांबतो. (आय५-१२४०० सारख्या काही प्रोसेसरांत ई-कोअर नसतातच, तिथे हा मुद्दा लागू नाही.)

रायझनवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोज ११ ला एक सुधारणा मिळाली, तिने झेन ३, ४ आणि ५ या पिढ्यांच्या रायझन प्रोसेसरांना खेळांत फायदा झाला. ती विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत मुळातच आहे, आधीच्या २३एच२ ला अपडेटने दिली. रायझन ५ ५६०० किंवा ७६०० असेल तर हे ११ कडे झुकायला पुरेसं कारण आहे.

बायोसमधलं काम, सावकाश

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण मुलं इथेच घाबरतात आणि दुकानदार इथेच बिल वाढवतो.

आधी दोन गोष्टी करा. एक, महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा: फोटो, कॉलेजचे प्रोजेक्ट, बाबांच्या जीएसटीच्या फायली, खेळांचे सेव्ह. दोन, डिस्क एनक्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी कुलूपबंद) आहे का ते सेटिंगमध्ये बघा. मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज ११ नव्याने टाकलं असेल, विशेषतः २४एच२ पासून, तर डिव्हाइस एनक्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. अशा मशीनच्या बायोसमध्ये बदल केला की चालू होताना ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. फोनवरून लॉगिन करून ती आधी कागदावर लिहून ठेवा, कारण त्या निळ्या पडद्यासमोर बसून जुना पासवर्ड आठवत नाही.

मग मशीन रीस्टार्ट करून डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. इंटेलच्या बोर्डावर टीपीएमचं नाव 'पीटीटी' असतं, एएमडीवर 'एफटीपीएम'. असुसच्या इंटेल बोर्डावर ते ॲडव्हान्स्ड मेनूत 'पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन' खाली सापडतं. गिगाबाइटवर सेटिंग्जमधल्या 'मिसलेनियस' मध्ये. एमएसआयवर सिक्युरिटीत 'ट्रस्टेड कॉम्प्युटिंग' उघडून 'सिक्युरिटी डिव्हाइस सपोर्ट' चालू करायचं. बोर्डाच्या वयानुसार जागा थोडी इकडेतिकडे असते, पण नाव हेच शोधायचं.

'सीएसएम' नावाचं दुसरं सेटिंग आहे, जुन्या लेगसी पद्धतीने मशीन चालू होऊ देणारं. ते चालू असेल तर सिक्युअर बूट चालू होत नाही. पण थांबा, बायोस मोड 'लेगसी' दिसला होता का? तसं असेल तर सीएसएम आत्ताच बंद करू नका, नाहीतर विंडोज बूटच होणार नाही. लेगसीचा अर्थ तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली आहे आणि ती आधी नव्या जीपीटी पद्धतीत बदलायला हवी. त्यासाठी विंडोजमध्येच 'एमबीआर२जीपीटी' (mbr2gpt) नावाचं साधन आहे आणि ते डेटा न पुसता बदल करतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आधी त्याची 'व्हॅलिडेट' तपासणी चालवा, ती पास झाली तरच 'कन्व्हर्ट' करा. चालू विंडोजमधून करताना 'अलाऊ फुल ओएस' हा पर्याय जोडावा लागतो.

ही तपासणी नापास होण्याचं आपल्याकडचं एक ठरलेलं कारण आहे. हे साधन सिस्टिमच्या डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालवून घेतं. जुन्या असेंबल्ड मशीनमध्ये सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह पाडून देण्याची पद्धत होती, आणि विंडोजचा स्वतःचा लपलेला छोटा भाग धरला की चार होतात. कधी डी आणि ई लॉजिकल केलेले असतात, तेही त्याला चालत नाहीत. मग ई मधला डेटा बाहेर काढा, ते पार्टिशन पुसा, परत तपासणी करा. एवढा खटाटोप नको असेल तर सरळ नव्याने विंडोज टाका. डेटा बाहेर काढलेलाच आहे.

डिस्क जीपीटी झाली की बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करा आणि सिक्युअर बूट चालू करा. काही बोर्डांवर ते 'चालू' दिसतं पण प्रत्यक्षात कामाला लागलेलं नसतं. अशा वेळी सिक्युअर बूट मोड 'स्टँडर्ड' करून 'रिस्टोअर फॅक्टरी कीज' निवडा, सेव्ह करा, आणि विंडोजमध्ये परत 'एमएसइन्फो३२' मध्ये स्टेट 'ऑन' झाली का बघा. बायोसमध्ये काय दिसतं त्यापेक्षा इथे काय दिसतं ते खरं माना. एक जपायचं म्हणजे सीएसएम बंद केल्यावर फार जुनं ग्राफिक्स कार्ड चित्रच देत नाही, कारण त्याच्यात यूईएफआयची सोय नसते. तसं झालं तर मॉनिटरची वायर बोर्डावरच्या पोर्टात लावून सेटिंग परत फिरवा. प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसेल तर दुसरं कार्ड हाताशी असल्याशिवाय हे करूच नका.

रायझन असेल आणि एफटीपीएम चालू केल्यावर खेळ मधूनच झटके खायला लागला, तर बायोस जुना आहे. हा दोष एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केला होता आणि त्यानंतरच्या बायोसमध्ये तो दुरुस्त केलेला आहे. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून आपल्या अचूक मॉडेलचा बायोस घ्या.

बायोस अपडेट करताना मात्र लाइट जाता कामा नये. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको, जोराचा पाऊस आला की खारघरपासून कळव्यापर्यंत कुठेही वीज डोळे मिचकावते. यूपीएस असेल तर त्याच्यावर करा. नसेल तर कोरड्या दिवशी सकाळी करा, आणि महावितरणचा देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा मेसेज आलाय का ते आधी बघा. अर्धवट लिहिलेला बायोस म्हणजे बंद पडलेला बोर्ड, आणि तो सुरू करायची सोय प्रत्येक बोर्डावर नसते.

विंडोज १० वर कुणी थांबावं

आय५-७४०० आणि जीटीएक्स १०६० अशी जोडी इथे अजून घरोघरी आहे. त्या मुलांना मी सांगते, घाई नको. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी विंडोज १० चे सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिले आहेत. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी, मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. सेटिंगचा बॅकअप खात्यात ठेवायला मान्यता दिली की पैसे लागत नाहीत, नाहीतर १००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा ३० डॉलर. मुलं ही नोंदणी करत नाहीत, कारण खेळात त्याने काही बदलत नाही. पण त्याच मशीनवर वडील नेटबँकिंग करतात, आई भिशीचे पैसे पाठवते. नोंदणी आजच करा.

आता ग्राफिक्स कार्डाचा मुद्दा, जो फार कमी जणांना माहीत असतो. एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांना, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांना, नव्या खेळांसाठीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होते. पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे, तेही तिमाही. हे विंडोज ११ वरही तसंच आहे. म्हणजे जीटीएक्स १०६० च्या मालकाने केवळ नवे ड्रायव्हर मिळावेत म्हणून ११ वर जाण्यात काहीच हशील नाही. उलट आरटीएक्स कार्ड असेल तर विंडोज १० वर गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळत राहतील असं एनव्हिडियाने जाहीर केलंय. जुन्या जोडीला जे खेळ झेपतात ते ती विंडोज १० वर आनंदाने खेळते. तोवर पैसे साठवा.

यादीबाहेरच्या प्रोसेसरवर अटी चुकवून विंडोज ११ टाकता येतं, पोरांना त्याच्या युक्त्या पाठ असतात. मी गेमिंग मशीनवर ते करत नाही. अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, दर वर्षीची नवी आवृत्ती हाताने चढवावी लागते, आणि टीपीएम नसलेल्या मशीनवर व्हॅलोरंट दारातच अडवतो. ज्या खेळासाठी एवढं केलं तोच चालत नाही.

११ मधली कुठली आवृत्ती

२५एच२ सप्टेंबर २०२५ च्या शेवटी आली. तिचा आणि २४एच२ चा गाभा एकच आहे, एक छोटं पॅकेज आत दडलेल्या गोष्टी चालू करतं एवढंच. त्यामुळे या दोघींत एफपीएस शोधत बसू नका. फरक आहे तो आयुष्याचा: होम आणि प्रोसाठी २४एच२ चे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत, २५एच२ चे त्यापुढे आणखी एक वर्ष. नव्याने टाकत असाल तर २५एच२ टाका. २३एच२ वर कुणी असेल तर उठा, तिचे अपडेट ११ नोव्हेंबर २०२५ ला संपले.

पण कुठलीही मोठी आवृत्ती आल्या आल्या चढवू नका, विशेषतः पुढच्या आठवड्यात मॅच असेल तर. २४एच२ आली तेव्हा यूबिसॉफ्टचे असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स, ओडिसी, वल्हाला हे खेळ गोठत होते. मायक्रोसॉफ्टला तसे खेळ असलेल्या मशीनवर ते अपडेट अडवून ठेवावं लागलं, आणि दुरुस्त्या यायला वेळ गेला. महिनाभर थांबायला काहीच लागत नाही. महिन्याचे सुरक्षा अपडेट मात्र थांबवू नका. सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपू लागतात आणि नवी प्रमाणपत्रं याच अपडेटांतून येतात.

होम की प्रो? खेळासाठी होम. गेम मोड, ड्रायव्हर, वेग सगळं सारखं.

एलटीएससी नावाची कंपन्यांसाठीची आवृत्ती मुलं कुठून कुठून मिळवतात. ती हलकी आहे खरी, पण तिचा परवाना घरगुती ग्राहकाला दुकानात मिळत नाही. शिवाय तिच्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअर नसतं, त्यामुळे गेम पास (मायक्रोसॉफ्टचं खेळांचं सदस्यत्व) वापरणाऱ्याची पंचाईत होते.

आणि 'लाइट', 'गेमर एडिशन' म्हणून फिरणाऱ्या कापलेल्या विंडोजबद्दल मला फार तळमळीने सांगायचंय. कुणी अनोळखी माणसाने विंडोजमधून डिफेंडर, अपडेट, स्टोअर उपटून काढलेलं असतं आणि काय घातलंय ते कुणालाच माहीत नसतं. त्यावर तुमचं स्टीम खातं, आईचं यूपीआयशी जोडलेलं ईमेल, सगळं उघडलं जातं. वेगाचाही हिशेब फसतो. दोन सीसीडीचे (कोअरच्या दोन गटांचे) रायझन ७९००एक्स३डी किंवा ७९५०एक्स३डी घ्या. खेळ योग्य कोअरवर चढवायला त्यांना एक्सबॉक्स गेम बार आणि चिपसेट ड्रायव्हर लागतात. कापलेल्या विंडोजमध्ये गेम बारच नसतो, मग एवढ्या महागड्या प्रोसेसरवर खेळ चुकीच्या कोअरवर चालत राहतो आणि मुलगा दोष ग्राफिक्स कार्डाला देतो. विंडोजमधल्या गोष्टी काढून टाकणारी 'डीब्लोट' स्क्रिप्ट हाताने चालवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा.

परवान्याचं थोडक्यात. मशीनवर विंडोज १० अस्सल असेल तर ११ चं अपग्रेड मोफत आहे. विंडोज ७ किंवा ८ च्या जुन्या कीवर ११ सुरू करण्याची वाट सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. नवं मशीन घेताना, लॅमिंग्टन रोडवरून भाग आणा की ठाणे स्टेशनजवळून, बिलावर विंडोजची वेगळी ओळ आहे का बघा. ओईएम परवाना (मशीनसोबत मिळणारा) बोर्डाला बांधलेला असतो, बोर्ड बदलला की गेला. रिटेल परवाना पुढच्या मशीनवर नेता येतो. "टाकून देतो, ॲक्टिव्हेट करून देतो" यात पेनड्राइव्हवरचा क्रॅक असतो आणि तो चालावा म्हणून डिफेंडर बंद केलेला असतो. पैसे नसतील तर ॲक्टिव्हेट न केलेलं अस्सल विंडोज त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित, कोपऱ्यात सूचना दिसते आणि वॉलपेपर बदलता येत नाही, खेळ चालतात.

लिनक्स

जुन्या मशीनवर विंडोजऐवजी बॅझाइट, म्हणजे खेळांसाठी बनवलेलं लिनक्स, टाकून बघायला मी आनंदाने सांगते, जर यादीत काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ आणि एकट्याने खेळायचे स्टीमवरचे खेळ असतील. स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीच्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे २०१८ पासून विंडोजसाठी लिहिलेले असंख्य खेळ लिनक्सवर चालायला लागलेत. एएमडीचं कार्ड असेल तर आणखी सोपं. पण व्हॅलोरंट, फोर्टनाइट, बॅटलफील्ड ६ तिथे चालत नाहीत, आणि एपेक्स लेजंड्सने २०२४ च्या शेवटी लिनक्सचा पाठिंबा काढून घेतला. यातला एकही खेळ यादीत असेल तर तो विचार सोडा.

टाकून झाल्यावर

विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्हवर घ्या, ८ जीबीचा पुरतो. डी ड्राइव्हवर स्टीमचे खेळ असतील तर ते परत डाउनलोड करू नका. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजला जाऊन तो जुना फोल्डर जोडला की खेळ ओळखले जातात. शंभर-शंभर जीबीचे खेळ आहेत, सोसायटीतल्या वायफायवर दोन रात्री वाचतात.

ग्राफिक्स ड्रायव्हर आणि बोर्डाचा चिपसेट ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा. नव्या विंडोजनंतर तो ६० वर बसलेला असतो आणि मुलं म्हणतात, "११ टाकल्यापासून लॅग होतो." बायोस अपडेट केला असेल तर रॅमला पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइलही परत चालू करा, ते पुसलं गेलेलं असतं. ११ "हळू" असल्याच्या तक्रारी मी बघते त्यात ही दोन कारणं सारखी सापडतात.

मेमरी इंटिग्रिटीबद्दल, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणाऱ्या सेटिंगबद्दल, विचारतातच. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, तिथे ते सेटिंग आहे. नव्या मशीनवर ते बहुतेकदा चालू असतं आणि काही खेळांत थोडा एफपीएस खातं. खेळताना ते बंद करून नंतर चालू करता येईल असं मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहिलंय. माझं मत: ज्या मशीनवर घरचे बँकेचे व्यवहार होतात तिथे ते चालूच ठेवा. खेळ आधीच १०० एफपीएसच्या वर असेल तर त्या थोड्याशा वाढीने तुमचा नेम सुधारणार नाही. जुन्या आठव्या पिढीच्या मशीनवर खेळ जेमतेम चालत असेल, आणि ते मशीन फक्त तुमचंच असेल, तर बंद करून बघा, फरक पडला नाही तर परत चालू करा.

१० वरून ११ वर अपग्रेड केलं असेल तर परत फिरायची मुदत १० दिवसांची असते. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे 'गो बॅक' दिसतं. त्यानंतर विंडोज जुन्या फायली पुसतं आणि मग परत १० वर यायचं तर फॉरमॅटच. म्हणून या दिवसांत डिस्क क्लीनअप चालवून जागा मोकळी करायला जाऊ नका, आणि यादीतला प्रत्येक खेळ किमान एक पूर्ण सामना खेळून बघा. हेडफोनचा माइक, कंट्रोलर, कॉलेजचं सॉफ्टवेअर आणि घरचा प्रिंटरही त्याच दिवसांत तपासा. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर अडतो तेव्हा बहुतेक घरांत ते अकराव्या दिवशी कळतं.